चोचीपुरतं पाणी

कोंबड्यांनी टोचून जखमी केलेल्या कोवळ्या तलंगेला मी सकाळी अंगणातल्या सावलीत वेगळ्या खोक्यात ठेवलं. बाळाला निजवताना माझाच डोळा लागला आणि सावली सरकली. धावत आले, तर ती चोच वासून, पंख पसरून धापा टाकत होती. तिचे पाय साध्या पाण्याच्या टोपात सोडून बाळाचा ड्रॉपर भरला. "घशात ओतू नकोस, गुदमरेल! नुसती चोच ओली कर," सासूबाई धावल्या. "खोकं उन्हात कसं राहिलं?" मी ड्रॉपरचा थेंब तिच्या चोचीला टेकवला. आतून बाळानं सूर लावला. "जा, त्याला घे. हिला मी बघते." "कालच पातेल्यात घाल म्हणत होतात ना, आई?" "जा म्हटलं!" बाळाला पाजताना माझे कान अंगणातच होते. तसंच त्याला घेऊन दारात आले. तलंगेनं मान उंचावून घोट गिळला. सासूबाई वळल्याही नाहीत. "डोळा लागतो गं. माझाही लागायचा."