आईच्या हातचं माप

अमेरिकेत, शॉमबर्गच्या घरी, फ्रीझरमधल्या डब्यात आईचे नऊ बेसनलाडू उरले होते. आई गेल्या महिन्यात गेली. सिद्धेश ते घेऊन बहिणीकडे, ऑस्ट्रेलियातल्या तिच्या समुद्रकाठच्या छोट्या गावी निघाला होता. पण फोनवर प्रीताच म्हणाली, "आणू नकोस, दादा. इथे एअरपोर्टवर सरळ बिनमध्ये टाकतील. त्याआधी तू वाटेतच संपवशील म्हणा! त्यापेक्षा एक तोलून वजन सांग. तेवढेच वळून बघते."

त्याने तळातला, दिवाळीतला लाडू काट्यावर ठेवला. "एक्केचाळीस ग्रॅम."

"शेवटपर्यंत तसाच चालत होता ना रे तिचा हात? मला यायला जमलंच नाही."

"अगं, अगदी तसाच."

फोन ठेवल्यावर त्याने सगळ्यात वरचा, तिच्या शेवटच्या आठवड्यातला लाडू काट्यावर ठेवला.

एकोणीस ग्रॅम.