काढून टाकलेला आवाज

ऑफिसातल्या छोट्या खोलीत अंगावरचं दूध काढायचा नवा पंप चालू होता. मारामानं झाकणाला कान लावून खात्री करून घेतली. आत मोटर फिरत होती, हवा ओढली जात होती, आणि आवाज कोपऱ्यातल्या फ्रिजपेक्षाही कमी होता.

बाटली कोरडी होती.

तिनं खांदे सैल सोडले. फोन समोर उभा केला. पाळणाघरानं पाठवलेल्या फोटोत अनाहेरा वाळूत बसून प्लास्टिकचं फावडं चोखत होती. मारामानं पर्समधून तिचं कालचं झबलं काढलं, नाकाशी धरलं. आंबट, कोमट वास. छातीत काहीतरी भरून आलं, पण ते वर गळ्याकडे गेलं. दूध खाली उतरलं नाही.

दार वाजलं. "झोपलीस की काय गं आत?" मेलेआने होती. आवाजाच्या चाचण्या तीच घ्यायची. "काहीच ऐकू येत नाहीये."

"ऐकू येऊ नये म्हणून तर वर्ष घालवलं आपण."

"आणि दूध?"

मारामानं दार किलकिलं करून बाटली दाखवली. मेलेआनेचं हसू मावळलं. फ्रीजरमधली शेवटची पिशवी सकाळीच पुलापलीकडे पाळणाघरात गेली होती. पावडरचं दूध अनाहेरा थुंकून टाकायची. मागे एकदा तसंच झालं तेव्हा पोर रडून रडून उपाशीच झोपली होती.

"घरी गेल्यावर अंगावर पिते ना?"

"घरी पिते गं. उद्या दिवसभर काय पिणार?"

जुना पंप असता तर प्रश्न नव्हता. पण आजच्या मीटिंगमध्ये आतल्या भिंती दाखवायच्या म्हणून तो कालच मधोमध कापला होता. ऑफिसात त्याला 'गोठा' म्हणायचे. घूं-चक्, घूं-चक् सुरू झालं की भिंतीपलीकडून ग्रेगर म्हणायचा, "चला, गोठा उघडला. चहाच्या दुधाची सोय झाली." ग्रेगर साहेब होता, त्यामुळे सगळे हसायचे. मारामाही हसायची, आणि बाटली रुमालाखाली झाकून बाहेर यायची. म्हणून तर कंपनीच्या नव्या, बिनआवाजी पंपाचं काम तिनं मागून घेतलं. अख्खा पंप कम्प्युटरवर उभा केला. झाकण जिथे थरथरायचं तिथे पडद्यावर लाल डाग उमटायचा. तिनं आतल्या पट्ट्या सरकवल्या, रबर बदललं, झाकण जाड केलं. डाग पिवळा झाला, मग निळा. काहीही प्रत्यक्ष बनायच्या आधीच नवा पंप कसा ऐकू येईल, ते तिनं हेडफोनवर ऐकलं होतं.

दुपारी मीटिंगमध्ये तिनं तोच आवाज स्पीकरवर लावला.

"सुरू झालं का?" ग्रेगरनं विचारलं. सगळे हसले, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"आता जुना ऐका," मारामा म्हणाली. "हाही कम्प्युटरनंच काढलेला आहे. खऱ्या पंपाशी ताडून पाहिलाय."

घूं-चक्. घूं-चक्.

आधी झिणझिण्या आल्या. मग दोन्ही बाजूंनी, कुणी हाक मारल्यासारखा, पान्हा फुटला. मारामानं हातांची घडी छातीवर घट्ट दाबली. उपयोग झाला नाही. शर्टावर ओले डाग पसरत गेले. फोटोला दाद न देणारं, झबल्याच्या वासाला न हलणारं तिचं अंग मोटरीच्या त्या कम्प्युटरनं बनवलेल्या घरघरीला ओ देत होतं. तिला लाज वाटली, रागही आला. आणि लेक आत्ता, या क्षणी मांडीवर हवी होती.

मेलेआनेनं गुपचूप आपला स्वेटर तिच्या खांद्यावर टाकला.

"बास, कान किटले," ग्रेगर म्हणाला. "पुसून टाक आता तो. काढून टाकलेला आवाज, त्याचं काय काम आहे?"

मारामानं चालू लॅपटॉप तसाच उचलला आणि ती पंपाच्या खोलीकडे निघाली.

"त्यात माझ्या पोरीचं उद्याचं दूध आहे."