बहिरीसाठी कापलेलं जाळं

दर्यातला सगळ्यात मोठा मासा म्हणजे बहिरी, आणि ती हिराजी तांडेलाच्या जाळ्यात अडकली होती. होडीपेक्षा लांब, अंगभर पांढरे ठिपके, आणि एवढी मोठी असून अगदी गुपचूप पडलेली. हिराजी सुरी हातात धरून नुसता बघत राहिला.

"बाबा, जाळं कापा आता," मुलगा नितेश म्हणाला. "दमलीय ती."

"गाठी सुटतात का बघतो."

"आईच्या गाठी कधी सुटल्यात?"

ते खरंच होतं. बंदरावरचे पुरुष आपापली जाळी शिवत. हिराजीच्या बोटांना ते कधी जमलं नाही, म्हणून त्याची बायको चांगुणा शिवायची. लोक चिडवायचे, "तांडेलाला सुई टोचते." ती म्हणायची, "बहिरी सापडली तर खुशाल जाळं कापा, तिला सोडा. मी आहे शिवायला." शिमग्यानंतर ती वारली. तेव्हापासून हे जाळं कुठं फाटू नये म्हणून तो जपत आला होता.

बहिरीचे कल्ले हलायचे मंदावले. हिराजीनं वाकून जाळं कापलं. ती घाई न करता खाली गेली. पाणी मात्र बराच वेळ हलत राहिलं.

संध्याकाळी नितेशनं विचारलं, "शेजारच्या काकांकडे देऊ शिवायला?"

"नको."

हिराजीनं अंगणात जाळं पसरलं आणि चांगुणाची सुई काढली. पहिली गाठ सैल पडली, दुसरीही. मग त्यानं तिची एक गाठ बोटांनी चाचपली, ती कशी बसलीय ते नीट पाहिलं, आणि तिच्या शेजारीच तिसरी मारली.