दादाची वेळ

आईच्या हातात चहाचा कप देता देता श्रीरंगची नजर टीव्हीकडे गेली आणि त्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पडद्यावरच्या वेळापत्रकात संध्याकाळी सहाचं कीर्तन चक्क सकाळी साडेआठचं दाखवत होतं!

हा इंटरनेट टीव्हीचा बॉक्स दादाने सुट्टीत येताना टोरांटोहून आणला होता आणि स्वतः बसून लावून दिला होता. तेव्हापासून आईच्या तोंडी सारखं दादापुराण. तिची दुखणीखुपणी काढणारा श्रीरंग मात्र आतल्या आत जळत होता.

"बघ तुझ्या हुशार लेकाचं काम! घड्याळ तिकडचंच ठेवून गेलाय," म्हणत त्याने झटक्यात भारताची वेळ लावली.

आईचा चेहरा पडला. "कशाला रे बदललंस? कीर्तन कधी लागतं ते मला पाठ आहे. तिकडची वेळ दिसली की कळायचं, आता तो उठला असेल, आता कामाला निघाला असेल."

ओठ चावत श्रीरंगने रिमोट उचलला आणि घरात पुन्हा दादाची वेळ लावली.

"साडेआठ!" आई खुलली. "आत्ता चहा घेत असेल बघ."

श्रीरंगने केलेला चहा तिच्या हातात तसाच निवत होता.