अंतराचा कॉम्प्युटर

चित्राबाईंना टाइप करता येत नव्हतं, तरी लेकीचा कॉम्प्युटर त्या रोज लावायच्या आणि लगेच बंद करायला घ्यायच्या. तो नेमका बंद होतानाच अडकून बसायचा. शेवटी वैतागून नरेंद्ररावांनी इंदिरा नगरातल्या दुरुस्तीवाल्याला घरी आणलं.

"बंद होते वक्त जो आवाज बजती है ना अंकल, वही फाइल खराब है. सुनिए."

स्पीकरच्या खरखरीतून अंतरा बोलली, "आई, येते गं!"

"इसे हटा देता हूँ. दीदी से नई भरवा लीजिएगा."

अपघाताच्या सकाळी स्कूटर काढताना अंतरा एवढंच म्हणाली होती.

चित्राबाईंनी घाईनं माऊसवर हात ठेवला.

"रहने दो, भैया. बंद नहीं हुआ तो भी चलेगा."