मातीतला ळ

सुमेरी लोकांकडे नगरं होती, कालवे होते, देवळं होती, राजा होता, लिपी होती. यातलं काय नसतं तर ती संस्कृती ठरली नसती, असा प्रश्न शाळेने दिला होता. तेरा वर्षांच्या कस्तुरीने परदेशातल्या बिशान या उपनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर शाडू पसरून उत्तर ठरवूनही टाकलं होतं.

"रायटिंग, लाह," ती तिथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली. "माणूस डेड झाला तरी त्याचं बोलणं राहतं ना, आई."

सुमेधाने लेकीसमोर मातीचा गोळा सरकवला. सुमेधाची स्वतःची आई जाऊन चार महिने झाले होते. पुण्याहून रोज फोनवर तोच एक प्रश्न यायचा. तो कोण कशाला लिहून ठेवतंय! आता तो एकदा कानावर पडावा म्हणून जीव तुटत होता.

मातीच्या पाटीवर मातृभाषेतली एक ओळ कोरायची होती. शाळेच्या कागदावर कस्तुरीची 'मदर टंग' हिंदी. मराठी तिथे विषयच नाही, मग आई मराठी असली म्हणून काय झालं! पण आज पोरीला काय सुचलं कोण जाणे, तिने मराठी ओळ मागितली. सुमेधाने आईचा प्रश्नच सांगितला.

कस्तुरीने चॉपस्टिकच्या टोकाने कोरलं: बाल, जेवलीस का?

"अगं, केसांना कसलं जेवण विचारतेस?" सुमेधा हसली. हिंदीच्या पुस्तकात ळ नव्हताच. लेक आजवर ल वरच भागवत आली होती. आपल्याला बाळ म्हणणारी गेली, आता हे अक्षरही घरातून जाणार, या विचाराने ती कासावीस झाली.

तिने अंगठ्याने ल पुसला आणि कस्तुरीचा हात धरून ळ गिरवला. जीभ टाळूला कुठे लावायची तेही दाखवलं. कस्तुरीने तोंड वेडंवाकडं करून पाहिलं. चारदा 'बाल' निघालं, एकदा 'बाड'.

मग तिने पाटी दोन्ही हातांत धरली आणि आईकडे बघत सावकाश वाचलं, "बाळ, जेवलीस का?"

ळ अगदी स्वच्छ उमटला. स्वयंपाकघरात कुकरची अजून पहिली शिट्टीही झाली नव्हती.

"हो गं आई," सुमेधा म्हणाली, "कधीच जेवले."