पेवातली नक्कल

पेवाच्या तोंडाशी मिलिंदच्या चपला दिसल्या आन ज्योतिबा कंदील घिऊन पळतच आला. कंदील आणाय गेला तेवढ्यात ह्यो गडी दोराला धरून आत उतरला व्हता.

"मिलिंदा! आरं, कुणाला इचारून गेलास?"

"आलोच मामा!" खालनं आवाज आला, घागरीत तोंड घालून बोलल्यागत. "दोन मिनटं!"

हरिपूरचं हळदीचं पेव ते. जमिनीत तीन पुरुस खोल, तोंड एका माणसापुरतं, पोट घर मावंल एवढं. निम्मा माल काढून पंधरा दिसामागं वर शिळा ठेवून चिखलानं लिंपलेलं, आन आत्ता अकरा वाजता उघडलेलं. असलं पेव उघडलं की रातभर तसंच सोडत्यात. आतली हवा मेलेली असती. माणसाला काय कळत न्हाई, नुसती झोप आल्यागत वाटतं. ज्योतिबानं पेवावर तीस वर्सं काढली, पर त्यो बी कवा उघडल्या दिशी उतरला न्हाई.

मिलिंद कंपनीचा कंप्युटरवाला. त्याला घाई. ईमेलचा सर्व्हर काल लाइटीच्या झटक्यात जळालेला, आन परदेशातल्या गिऱ्हाइकांची सगळी पत्रं त्यात. त्या पत्रांची नक्कल एका टेपवर, आन ती टेप पितळी डब्यात घालून ह्या पेवात. हितं आग पोचत न्हाई, चोर पोचत न्हाई, ही मालकांची, नानासोंची अक्कल. ज्योतिबानंच आपल्या हातानं डबा खाली भिताडाला ठेवला व्हता. दुसरी नक्कल काढून हापिसात ठेव म्हणून नानासोंनी धा येळा बजावलेलं. मिलिंदानं काढलीच न्हवती. आन नानासो तीन वाजता साताऱ्यास्नं येणार व्हते.

"उद्यापतुर दम धर की," ज्योतिबा म्हणालाच व्हता.

"उद्या मी कामावर नसतोय, मामा."

ज्योतिबानं कंदील दोरीला बांधून आत सोडला. दोन पुरुस खाली गेला न्हाई तवर वात बारीक झाली, निळी झाली, इझली.

ज्योतिबा गुडघ्यावर बसून आत वराडला.

"मिलिंदा, वर ये! डबा ऱ्हाऊ दे तिथंच!"

"गावला की! पोत्याखाली गेलाय. थांबा."

"मग बोलत ऱ्हा! गप बसू नगंस. गिऱ्हाइकांची नावं घे."

पेवात उतरलेल्यानं बोलत ऱ्हायचं आन वरच्यानं ऐकत ऱ्हायचं. बोलणं तुटलं की वढायचं.

"दुबईचा शेख... हांबुर्गची मडम... कोलंबो..." मिलिंद खालनं हसला. "मामा, तुमाला बी ईमेल शिकीवतो."

"शिकीव बाबा. फुडं?"

"लंडन... दुबई..."

"दुबई झाली की रं!"

"दुबई... दुबई..."

ज्योतिबानं दोर हलीवला. "दोराचा फासा काखंत घाल! घातलास?"

लय येळानं आवाज आला. "बांधला... वढा."

ज्योतिबानं पाय रोवलं, सगळं बळ लावून वढलं, आन उताणा पडला. दोर रिकाम्या बादलीगत सरसर वर आला. फाश्याला पितळी डबा बांधला व्हता.

खाली दुबई बी थांबली व्हती.

"तानुबाय!" ज्योतिबा असा वराडला की शेडात हळद निवडणाऱ्या बाया सुपासकट पळत आल्या. म्हातारी तानुबाय वाकली, आत बघितलं, पदर खोचला आन पाय आत सोडला. ज्योतिबानं दंड धरून तिला मागं वढली.

"एकाचं दोन करू नगंस! घरंच्या घरं गेल्यात अशी!"

"मग मरू द्यायचं व्हय त्याला?"

"वारा घाल! सूप हलीव!"

चौघी तोंडाशी बसून सुपानं वारा घालाय लागल्या. ज्योतिबानं दोर परत सोडला, पोटावर पडून मुंडकं आत घातलं आन शिव्या सुरू केल्या. मिलिंदाला, त्याच्या कॉलेजाला, नानासोंला, त्या डब्याला. मराठी संपल्यावर जतंकडच्या कानडी शिव्या काढल्या. नरडं फाटलं. खाली काय हालंना.

मग दोर जरासा थरथरला.

"कोलंबो," झोपंत बोलल्यागत आवाज आला.

"घाल फासा! उजवा हात घाल! आता डावा, भाड्या, डावा!"

पाच जणांनी मिळून वढलं. ह्या खेपंला दोर जड व्हता. लय जड.

मिलिंद वर आला त्यो डोक्यापास्नं पायापतुर पिवळा, व्हट तेवढं निळं. तानुबायनं त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. त्यो खोकला, वकला, डोळं उघडलं आन हातानं भुई चाचपाय लागला.

"डबा..."

"हाय, मुडद्या, हाय," तानुबाय म्हणाली आन पदर तोंडाला लावून रडाय लागली.

"मामा, आता तीन नकला काढतो बघा. एक हापिसात, एक बँकंत, एक..."

ज्योतिबा भुईवरच बसला व्हता. दोरानं तळहाताची सालटी निघाली व्हती, ते त्याला अजून कळलं न्हवतं. त्यानं डबा उचलून मिलिंदाच्या मांडीवर ठेवला आन बसक्या आवाजात इचारलं,

"तुझी दुसरी नक्कल तुझ्या आयनं कुठं ठेवलीया रं?"